आधी बोलायचं नसतं

९ जानेवारी १९९१, बुधवार

ही डायरी आमच्या जर्मन साहेबाने, झायडलने दिली. आत वारांची नावं जर्मनमध्ये छापलीत. देताना बोलला, "इमाद, तुम बहुत बोलता है. थोडा इसमें लिखो, बाकी लोग को आराम." माणूस तरुणपणी पाच वर्षं राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात होता, म्हणून हिंदी येते. पण प्रत्येक शब्द हातोडीने ठोकून बसवल्यासारखा बोलतो.

तर मी इमाद. दाभोळचा. दहावीत दोनदा आपटलो, मग मामूने आखातातला व्हिसा काढून दिला. काम पंप हेल्परचं. समुद्राचं पाणी गोडं करून डोंगरावर चढवतात आणि खमीस मुशैत शहराला पाठवतात. आमचं पंपहाऊस पार कड्याच्या टोकाला आहे. उतारावर, अर्ध्या वाटेत, व्हॉल्वची खोली आहे. तिला आम्ही नुसतं 'खालची खोली' बोलतो. वर-खाली बोलायला हँडल फिरवायचा फोन.

खालच्या खोलीत सालेम नावाचा यमनी वॉचमन बसायचा. लढाईचं वातावरण झालं तसे सगळ्या यमन्यांना इथून जावं लागलं, तो पण गेला. त्याच्या भावाला तर आधीच एका पांढऱ्या गाडीतून कोण घेऊन गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सालेमची लाकडी खुर्ची तेवढी खाली राहिलीय. अख्ख्या लाइनवर लाकडाची वस्तू ती एकच. बाकी सगळं लोखंड, सिमेंट नाहीतर प्लास्टिक.

मी तेलपाणी करायला खाली गेलो की वर फोन लावतो आणि सालेमच्या आवाजात बोलतो, "या गुनाजी! शाय!" म्हणजे, अरे गुणाजी, चहा! वर गुणाजीकाका दर वेळी दचकतात. काका संगमेश्वरचे, वेल्डर, बापाच्या वयाचे. "मेल्या, गेलेल्या माणसाचा आवाज काढू नये," बोलतात. मी बोललो, "काका, तो मेला नाही, घरी गेलाय."

आज अजून एक मजा. जर्मनमध्ये साहेबाला 'हेर' बोलतात. हेर झायडल. म्हसळ्याचा नवा पोरगा आलाय, तौकीर. त्याला मी बाजूला घेतलं. तोंड एकदम गंभीर. "तौकीर, साहेबासमोर जपून. हेर आहे."

"म्हणजे?"

"शाळेत इतिहास नव्हता काय रे? हेर. जासूस."

"आणि सगळ्यांसमोर हेर हेर हाक मारतात?"

"जर्मन माणूस प्रामाणिक असतो. काही लपवत नाही."

पोराने डोळे केवढे केले! मी संडासात जाऊन हसलो.

१२ जानेवारी

गुणाजीकाका आजोबा झाले. त्यांच्या पंकजचं पत्र आलं, मुलगी झाली म्हणून. झायडलने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि बोलला, "हेर्त्सलिशन ग्ल्यूकवुन्श!"

काका माझ्याकडे वळले. "हर्षलीचं काय म्हणतोय हा?"

मी आयती संधी सोडतो काय? "काका, नाव सुचवतोय. हर्षली."

मला वाटलं हसतील. काकांचे डोळे भरले. "बघ. परका माणूस, पण किती मनावर घेतलं." बसले आणि लगेच घरी पत्र लिहिलं, पोरीचं नाव हर्षली ठेवा, इथल्या साहेबांनी ठेवलंय. आता कुठल्या तोंडाने सांगू? असू दे. नाव चांगलंच आहे.

नंतर मी झायडलला विचारलं, हे काय होतं. त्याने मला धडाच दिला. कोणाचं काही चांगलं झालं की 'हेर्त्सलिशन ग्ल्यूकवुन्श', मनापासून अभिनंदन. वाढदिवसाला 'आलेस गुटे त्सुम गेबुर्ट्सटाग'. आलेस गुटे म्हणजे सगळं चांगलं होवो. मला हसू आलं. दारात आलेल्या माणसाला आपण 'आलास?' बोलतो ना, अगदी तसंच कानावर येतं. साहेबाला सांगितलं तर तो पण हसला. "अच्छा. मेहमान को भी चलेगा."

मग एकदम गंभीर झाला. "मगर एक बात. दिन से पहले कभी नहीं. बाद में चलेगा. पहले नहीं."

"पहले बोला तो?"

त्याने लगेच टेबलावर ठोकायला हात उचलला, तर टेबल प्लास्टिकचं. कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यावर बोटाने तीनदा ठकठक केलं. "लकड़ी पे. बुरा टलता है."

चोवीस तारखेला त्याचा वाढदिवस. केक तोच करून आणणार. त्यांच्यात ज्याचा दिवस त्यानेच खाऊ घालायचं. त्याने माझा दिवस विचारला. खरा तर अम्मीलाही आठवत नाही, पासपोर्टवर एक मार्च आहे. त्याने कॅलेंडरवर एक मार्चला गोल करून 'इमाद' लिहिलं. माझ्या नावाला गोल, जिंदगीत पहिल्यांदा.

१७ जानेवारी

लढाई सुरू झाली. रेडिओवर एकच गोंधळ.

इथे बॉम्ब नाही की काही नाही. धुकं आहे. दुपारचे बारा वाजलेत आणि पंपहाऊसच्या दारातून समोरचा डिझेलचा टँक दिसत नाही. धुक्याच्या वर कुठेतरी विमानं जातात. आवाज येतो, विमान दिसत नाही. काका बोलले, "आवाज पुढे जातो आणि विमान मागे राहतं वाटतं."

सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटले. मी घालून काकांच्या मागे उभा राहिलो. काकांनी पाना फेकून मारला, थोडक्यात वाचलो.

कंपनीचे बाकीचे गोरे जेद्दाला निघून गेले. झायडल गेला नाही. बोलला, "हॉस्पिटल को पानी कौन देगा? तुम?"

खरं सांगायचं तर तो राहिला म्हणून मला बरं वाटलं.

२० जानेवारी

आज मी मस्करी जरा जास्तच केली.

झालं काय, तीन दिवस कोण हसलं नव्हतं. धुकं हटत नाही. सगळे रेडिओला चिकटलेले. म्हटलं, पोरांना जरा हसवूया. सकाळी हजेरीआधी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. झायडल कॉफीचा कप घेऊन धुक्यातून आला. मी हात वर केला आणि सगळे एका दमात ओरडले, "आलेस गुटे त्सुम गेबुर्ट्सटाग!"

वाटलं होतं शिव्या देईल, पेन्सिल ठोकेल, सगळे हसतील.

कप हातातून खाली पडला. तोंड पांढरं फट्ट. कानाला हात लावला, पेन्सिल नव्हती. इकडे बघतो, तिकडे बघतो. पाइप, पत्रा, काँक्रीट, ड्रम. अख्ख्या आवारात एवढंसं लाकूड नाही. एवढा मोठा माणूस, गोल गोल फिरत लाकूड शोधत होता. कोण हसलं नाही.

मग नुसतं "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, बोलला आणि धुक्यात गेला.

कपाचे तुकडे मी उचलले.

२१ जानेवारी

माफी मागायला गेलो. तो केकच्या डब्यात आलुबुखार लावत बसला होता. माझ्याकडे न बघता बोलला. त्यांच्याकडची ती मोठी लढाई. हा सात वर्षांचा. बाप फौजेत निघाला, आणि बापाचा वाढदिवस दोन दिवसांवर. पोराला वाटलं बाबा तेव्हा इथे नसेल, आताच बोलून घेऊ. गाडीच्या खिडकीत उडी मारून बोलला, आलेस गुटे.

"फिर?"

"फिर कुछ नहीं. चिट्ठी भी नहीं."

मी एक आलुबुखार उचलून त्याच्या हातात दिला. तोच बोलला, "चौबीस को ठीक से बोलना. तब तक चुप."

बाहेर पडलो तर तौकीर दाराशीच उभा. "इमादभाई, काय बोलत होता? कुठल्या फौजेचं?"

"लढाईच्या गोष्टी," मी बोललो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"तो रोज संध्याकाळी वहीत आकडे लिहितो. मग वायरलेसवर जर्मनमध्ये वाचून दाखवतो. मी बघितलंय."

आता ते पाण्याच्या दाबाचे आकडे. मलाही ठाऊक, गाढवालाही ठाऊक. पण जीभ आहे ना माझी. बोललो, "मग? हेर दुसरं काय करणार?"

२२ जानेवारी

विशेष काही नाही. धुकं. आपोआप फोन वाजला, खालच्या खोलीतून. खाली कोणच नव्हतं. झायडल बोलला, तारेत ओल गेली की वाजतो. काका बोलले, "ओल हँडल फिरवते काय?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वरच होतो! कोण विश्वास ठेवेल तर शपथ.

तौकीर रस्त्यावरच्या नाक्यावर कोणाशी तरी बोलताना दिसला. सिगरेटीचं अख्खं पाकीट घेऊन आला. अरबी धड येत नाही याला, आणि पाकीट कसं मिळवतो?

२३ जानेवारी

झायडल नाही.

सकाळी खालच्या खोलीत व्हॉल्व बघायला गेला. तो गेल्यावर एक पांढरी गाडी आली. दोन माणसं, साधे कपडे, बोलायला एकदम गोड. "वेन अल-अलमानी?" जर्मन कुठे आहे? काका बोलले, येईल. माणसं चहा पिऊन बसली. काकांनी कोपऱ्यात जाऊन खाली फोन लावला आणि हळूच सांगितलं, "साहेब, दो आदमी आया है. सफेद गाडी." पलीकडून झायडल "डांके, गुनाजी" बोलला, म्हणजे थँक्यू. फोन ठेवला.

आणि मग तो वर आलाच नाही. दुपारी त्या माणसांनी खाली जाऊन बघितलं. कोण नाही, बोलले. धुक्यात पाच हातांवरचं दिसत नाही, डोंगरात माणूस कुठेही बसेल. ते हसून "यल्ला, बुक्रा" बोलून गेले. उद्या येतो.

काकांचं मत, सालेमच्या भावाचं सगळं साहेबाने डोळ्यांनी बघितलंय, घाबरून लपला असेल. मला वाटतं तसं नाही. मी आधी बोललो. मी सगळ्यांकडून बोलवून घेतलं. त्याच्या बापाचं झालं तेच होतंय.

केक फ्रीजमध्ये आहे. वरून साखर भुरभुरलेली.

२४ जानेवारी

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

सकाळी पंपहाऊसमध्ये मी आणि काका. फोन वाजला. काकांनी हात मागे घेतला. मी उचलला. नुसता सूं सूं आवाज, पाइपात पाणी चालतं तसा. मला वाटलं, आज चोवीस आहे. आज चालतं. आज बोललो तर कदाचित उलटं फिरेल. डोळे मिटले आणि एकेक शब्द नीट बोललो. आलेस गुटे त्सुम गेबुर्ट्सटाग, हेर झायडल.

पाणी चालूच. मग ठक. ठक. ठक.

लाकडावर!

सालेमची खुर्ची! मी फोन टाकला आणि मेसकडे पळत सुटलो. काका मागून ओरडत होते, "इमाद, गप! कोणाला सांगू नको!" पण मी ऐकतोय कुठला. "साहेब खाली आहे! जिवंत आहे! खालच्या खोलीत आहे!" सगळे उठले, टाळ्या पिटल्या. तौकीरने रोटी तशीच टाकली आणि बाहेर गेला. मला वाटलं आनंदाने.

काका आणि मी केकचा डबा घेऊन चालत उतरायला लागलो. दुसऱ्या वळणावर मागून दोन पिवळे दिवे आले. पांढरी गाडी. आम्हाला ओलांडून खाली गेली. आम्ही पळायला लागलो, पण उतारावर धुक्यात किती पळणार? थोड्या वेळाने तीच गाडी वर आली. अगदी सावकाश. काचांवर आतून वाफ धरली होती. मागच्या काचेवर कोणीतरी बोट टेकवलं होतं. ठोकत होतं की पुसत होतं, कळलं नाही.

खालच्या खोलीत कोण नव्हतं. खुर्ची आडवी पडलेली. फोन तारेला लोंबकळत होता. थर्मासमध्ये कॉफी होती, गरम.

काका पायरीवर बसले. केकचा डबा मांडीवर धरून बोलले, "इमाद, त्या पोराला तू काय सांगितलं होतंस?"

"काय नाय. मस्करी."

"काय सांगितलंस?"

मी खुर्ची उचलून उभी केली. बोललो, "काका, हे मी आधी बोललो म्हणून झालं. जर्मन लोकांत आधी बोलायचं नसतं."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जसे मी तो गॅसचा मुखवटा घातला तेव्हा बघत होते.

२५ जानेवारी

तौकीर रडत होता. "मला फक्त विचारलं, इथे कोण कसा आहे. मी बोललो, हा हेर आहे. हेर म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं. तूच सांगितलं होतंस ना इमादभाई? सगळ्यांसमोर हेर बोलतात, मग लपवायचं कशाला?"

काहीही बडबडतो पोरगा. त्याला मी काय बोलणार? कारण मला माहीत आहे. वीस तारखेला सगळे ओरडलो ते कारण.

खुर्ची मी वर आणली. खांद्यावरून, एकट्याने. आता पंपहाऊसमध्ये मी तिच्यावरच बसतो. लाकूड जवळ असावं.

९ फेब्रुवारी

नवा जर्मन आला जेद्दाहून. तरुण आहे, पण हसत नाही. झायडलचं विचारलं तर बोलला, ऑफिसात सांगतात मायदेशी पाठवलं. मग खिडकीबाहेर बघत बोलला, त्याची बायको मात्र रोज ऑफिसात फोन करून विचारते, कधी पाठवणार.

काका त्याला 'हेर' बोलून हाक मारणार तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला. सगळ्यांना सांगून टाकलंय, याला मिस्टर बोलायचं. कोणी विचारलं का, तर बोललो, आजकाल तसंच चालतं.

परत आणलेला केक अजून फ्रीजमध्ये आहे. फेकायला कोणाचा हात होत नाही, आणि खायला पण.

हल्ली मला मस्करी सुचत नाही. तौकीर एकदा बोलला, "इमादभाई, सालेमचा आवाज काढ ना." मी त्याला मारायला धावलो. का ते मलाच कळलं नाही.

२८ फेब्रुवारी

लढाई संपली! सकाळपासून रस्त्यावर गाड्यांचे भोंगे. जो भेटेल तो "मबरूक, मबरूक" बोलतो, गळ्यात पडतो. अभिनंदन, अभिनंदन. मी प्रत्येक वेळी खिशातल्या काडीपेटीतली काडी काढून तिच्यावर बोट ठोकतो. संपली हे नक्की ठरल्याशिवाय कशाला बोलायचं? पोरं हसतात. हसू दे.

आज टपाल पण आलं, एकदम गठ्ठ्याने. काकांना पंकजचं पत्र. पोरीचं बारसं झालं. हर्षली. गावात हे नाव आधी कोणाचंच नाही. सुनेने खाली लिहिलंय, साहेबांना आमचा नमस्कार सांगा, त्यांच्या तोंडून आलेलं नाव आहे.

काका पत्र घेऊन उठले आणि फोनचं हँडल फिरवायला लागले.

"काका, काय करताय? खाली कोण आहे?"

"असो नसो. त्यांनी नाव दिलं, त्यांना कळायला नको?"

आता सांगावं असं वाटलं. काका, त्यांनी नाव दिलंच नव्हतं, ते नुसतं तुमचं अभिनंदन करत होते, बाकी सगळं मी केलं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात काका फोनमध्ये ओरडले, "साहेब! हर्षली! हर्षली नाव रखा!"

आणि ऐकत राहिले. बराच वेळ. बाहेर ऊन पडलं होतं. धुक्याचा मागमूस नाही, समोरचा टँक लख्ख दिसत होता. काकांनी रिसीव्हर कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तुला बोलावतायत."

मी सालेमच्या खुर्चीवर होतो, तिथूनच हात लांब केला. आधी नुसतं पाणी. सूं सूं. मग अगदी जवळून, कानाच्या आत, प्रत्येक शब्द हातोडीने ठोकल्यासारखा:

"आलेस गुटे, इमाद."

मी रिसीव्हर ठेवला. खुर्चीच्या हातावर तीनदा ठोकलं. परत तीनदा. परत.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"काय नाय. आलास का, विचारलं."

काका बरं बोलून पत्राची घडी करायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. झायडलने केलेला तो गोल तसाच आहे, पुढच्या पानावर, पहिल्याच चौकटीत. कागद पातळ आहे, उन्हात फेब्रुवारीच्या पानातून दिसतो.

माझा दिवस उद्या आहे.